शेजारी चौकशी केली असता

कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसते. आपण पायरी चढलो नाही, तरी कोर्ट आपली पायरी चढून येतं. येतं तेव्हा त्याच्या खांद्याला खाकी पिशवी असते, पायात झिजलेल्या चपला असतात, आणि जिना चढून दम लागलेला असल्यामुळे ते आधी घोटभर पाणी मागतं. शहराच्या निम्म्या भागात हे असं दारात येणारं कोर्ट म्हणजे डिंकमामा.

मामा बेलीफ होते. न्यायाधीशांच्या सहीचा कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हातात द्यायचा, पोचल्याची सही घ्यायची आणि काय घडलं त्याचा अहवाल शपथेवर लिहून परत आणायचा, हे त्यांचं काम. या देण्याला कोर्टात बजावणी म्हणतात. माणूस सापडलाच नाही, किंवा त्याने तोंडावर दार लावून घेतलं, तर कागद त्याच्या दारावर चिकटवायचा. तीही बजावणीच. कायद्याच्या लेखी दारावरचा कागद म्हणजे हातातला कागद. त्यासाठी मामांच्या पिशवीत घरी केलेल्या डिंकाची बाटली आणि चपटा ब्रश कायम असे. कचेरीतून मिळणाऱ्या डिंकावर त्यांचा विश्वास नव्हता. मी लावलेला कागद निघाला तर भिंतीचा पोपडा घेऊन निघेल, असं ते ऐटीत सांगत. नाव तिथूनच पडलं. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

मामांची एक सवय मात्र कुठल्या नियमात नव्हती. कागद दिला की वाटेला लागायचं सोडून ते दारातच उभे राहत आणि चार शब्द समजावून सांगत. कोर्टाचा शिक्का पाहून भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. अशा वेळी मामा सांगायचे की समन्स म्हणजे अटक नव्हे, बोलावणं आहे. दावा लावला तो वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. प्रतिवादी म्हणजे गुन्हेगार नव्हे, त्याला उत्तर द्यायचा हक्क आहे एवढाच त्याचा अर्थ. आणि तारीख म्हणजे तारीख. अंगात ताप असला तरी यायचं, कारण तुम्ही आला नाहीत तर कोर्ट समोरच्याचं एकट्याचं ऐकून निकाल देतं, त्याला एकतर्फी म्हणतात. शेवटी ते म्हणायचे, सही करायच्या आधी कागद पूर्ण वाचा, मला घाई नाही. त्यांचा जोडीदार बेलीफ, ज्याला सगळे लांब्या म्हणत, त्यांची थट्टा करायचा. तू कागद वाटतोस की शाळा चालवतोस, असं विचारायचा. लांब्या स्वतः कागद द्यायचा, सही घ्यायचा आणि पुढच्या दारी जायचा.

एकोणतीस वर्षांत मामांची एकही बजावणी खोटी ठरली नव्हती. नाझर, म्हणजे बेलिफांना कामं वाटून देणारे साहेब, नव्या माणसांना मामांचे अहवाल नमुना म्हणून दाखवायचे. निवृत्तीला चार महिने उरले होते. एवढं असलं की माणसाला थोडा गर्व होतोच, आणि मामांना तो झाला होता. उगाच झाकण्यात अर्थ नाही.

त्या शुक्रवारी सकाळी नाझरांनी त्यांच्या हातात ताबा वॉरंट ठेवलं. वॉरंट म्हटलं की लोकांना बेड्या दिसतात. हे वॉरंट जागेचं असतं. कोर्टाने निकाल दिला, हरणाऱ्याने जागा सोडली नाही, की जिंकणारा पुन्हा कोर्टात येऊन अंमलबजावणी मागतो. मग बेलिफाने जायचं, आतल्या माणसाला बाहेर काढायचं आणि किल्ली जिंकणाऱ्याच्या हातात द्यायची. कुलूप तोडावं लागलं तर तोडायचं. मामांना या कामाचा मनापासून कंटाळा होता, पण बेलिफाला काम निवडता येत नाही.

घर क्रमांक चौदा. वादी घरमालक, प्रतिवादी भाडेकरू बाई, निकाल एकतर्फी. मामांना नाव ओळखीचं वाटलं नाही. महिन्याला शंभर-सव्वाशे कागद हातून जातात, कुठकुठलं नाव लक्षात ठेवणार.

कोपऱ्यावर सगळे जमले होते. घरमालकाचा कारभारी, सामान उचलायला आणलेले दोन हमाल, पिशवीभर किल्ल्या घेऊन एक कुलूपवाला आणि बंदोबस्ताला आलेला एक शिपाई. घर लांबट होतं. त्याची एक बाजू हमरस्त्यावर आणि दुसरी मागच्या अरुंद गल्लीत होती. हमरस्त्याला लागून हिरवं दुहेरी दार होतं, त्यावर चौदा आकडा रंगवलेला. मामा सवयीने त्या दारापाशी थांबले. कारभारी थांबला नाही. तो दारासमोरून तसाच पुढे गेला आणि गल्लीत वळला. हमाल त्याच्या मागे गेले.

मामा तिथेच उभे राहिले. दारावर एक कागद होता. उन्हाने पिवळा पडलेला, शाई उडालेली, पण चारही कोपरे घट्ट. असा कागद शहरात एकच माणूस लावत होता. खाली सही त्यांचीच होती आणि तारीख आठ महिन्यांपूर्वीची. कागदाखालच्या कुलपावर गंजाचा थर होता आणि कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं. हे दार आठ महिन्यांत काय, आठ वर्षांत उघडलेलं नव्हतं. कागदाच्या शेजारी हातभर अंतरावर भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, ‘शिवणकाम होईल’, आणि पुढे गल्लीकडे बाण काढला होता.

मामांनी कागदावरची तारीख पुन्हा एकदा वाचली.

त्यांना तो दिवस आठवला, आणि बारीकसारीक तपशिलासकट आठवला, हे वाईट. बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या दिवशी होतं. तिला चार वाजता सोडणार होते आणि घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. साडेतीनला ते या दारापाशी आले. घर दाखवायला हाच कारभारी आला होता. हेच तिचं दार, असं तो म्हणाला, साक्षीला दोन माणसंही त्यानेच उभी केली. मामांनी दोनदा दार वाजवलं, डिंक लावला, कागद चिकटवला. पलीकडे चार पावलांवर चहाची टपरी होती. त्याला एका शब्दाने विचारलं असतं, तर त्याने गाळणी हातात धरूनच सांगितलं असतं की ती मागे राहते. मामांनी विचारलं नाही. रिक्षात बसून त्यांनी मांडीवर अहवाल लिहिला आणि त्यात एकोणतीस वर्षं लिहीत आलेलं वाक्य हाताने आपोआप लिहिलं: ‘शेजारी चौकशी केली असता प्रतिवादीचा ठावठिकाणा समजला नाही, सबब दर्शनी दारावर प्रत चिकटवली.’

हजार वेळा ते वाक्य खरं होतं. एकदा नव्हतं.

गल्लीतून कारभाऱ्याची हाक आली. मामा गेले. मागचं दार सताड उघडं होतं. आत एकच खोली, खिडकीशी शिवणयंत्र, दोरीवर शाळेचे तीस-चाळीस निळे झगे टांगलेले आणि मधोमध तोंडात टाचण्या धरून उभी असलेली पन्नाशीची बाई. तिला सगळे शिवणवाली म्हणत. बावीस वर्षं ती याच खोलीत राहत होती आणि याच खोलीत कमवत होती. कारभाऱ्याने तिला खोली रिकामी करायला सांगितलं होतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत होती. मामांची पिशवी पाहून तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

“मामा, हा म्हणतो निकाल लागला. कसला निकाल?”

मामांनी वॉरंट पुढे धरलं. घरमालकाने खोली परत मागितली होती, तुम्ही हजर राहिला नाहीत, म्हणून कोर्टाने एकतर्फी हुकूमनामा दिला, असं त्यांनी सांगितलं. आपला आवाज त्यांना दुसऱ्याच कुणाचा वाटला.

“हजर राहायला कुणी बोलवायला हवं ना? मी दिवसभर इथंच असते. दार उघडं असतं. कुणी आलं नाही.”

मामा म्हणाले, “बेलीफ आला होता. पुढच्या दारावर कागद लावून गेला.”

बेलीफ आला होता. जसा काही तो कुणी तिसराच माणूस होता. हे शब्द तोंडून गेले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली, पण पुढचं वाक्य काही केल्या जिभेवर येईना. शिवणवालीने कपाळाला हात लावला. पुढची खोली तर मालकाचं जुनं गोदाम, तिची किल्लीही त्यांच्याकडेच, माझा त्या दाराशी काय संबंध, असं ती म्हणाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मामांचा चेहरा पाहून तिने स्टूल पुढे सरकवलं आणि पाण्याचा पेला हातात दिला. मामा बसले आणि ते पाणी प्याले.

तेवढ्यात हमालांनी शिवणयंत्र उचललं होतं. बाई धावली आणि यंत्राच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती धरून राहिली. पोलीस शिपाई मामांकडे बघायला लागला. या खोलीत त्या घटकेला हुकूम मामांचा होता. ते ‘चालू द्या’ म्हणाले असते, तर अर्ध्या तासात सगळं गल्लीत आलं असतं आणि ते बारा वाजता कचेरीत चहा पीत बसले असते. कागदोपत्री काही चुकलं नसतं.

मामांनी चष्मा लावला आणि वॉरंट पहिल्यापासून वाचायला घेतलं. मिळकतीच्या वर्णनाशी ते थांबले. तिथे लिहिलं होतं, ‘हमरस्त्यास लागून दर्शनी दार असलेली खोली.’ समन्स पुढच्या दारावर लावून घेता यावं म्हणून मालकाने दाव्यात वर्णनही तसंच दिलं असावं. फार हुशारी केली की कुठेतरी पाय अडकतो.

“यंत्र खाली ठेवा,” मामा म्हणाले. “वॉरंटात रस्त्यावरचं दार लिहिलंय. हे दार गल्लीत आहे. चला, पुढच्या खोलीचा ताबा देतो.”

कारभारी चिडला. ती खोली तर आमच्याच ताब्यात आहे, म्हणाला.

“मग ताबा मागता कसला?”

पोलीस शिपाई गालात हसला. मामांनी जागेवरच अहवाल लिहिला, की वर्णन जुळत नाही, सबब ताबा न देता वॉरंट परत. हमालांनी यंत्र टेकवलं. बाहेर पडताना कारभाऱ्याने मामांना कोपराला धरून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, अगदी घरच्यासारखं सांगितलं, “सोमवारी आम्ही दुरुस्ती करून आणतो. पण मामा, पुढच्या दारावरच्या कागदाखाली सही कुणाची आहे, ते पाहिलंत ना? फांदी तोडाल, पण त्याच फांदीवर तुम्हीही बसलाय.”

मामांनी कोपर सोडवून घेतलं. ते परत शिवणवालीकडे गेले आणि तिला नीट समजावून सांगितलं. आजच्या आज वकील गाठा. दोन अर्ज करायचे. एक, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा, कारण समन्स तुम्हाला मिळालंच नाही. दुसरा स्थगितीचा, म्हणजे पहिल्याचा निर्णय होईपर्यंत कुणी खोलीला हात लावायचा नाही. तिने शब्द पाठ करावेत तसे दोनदा म्हणून पाहिले. मामा, देवासारखे आलात, असं ती म्हणाली, तेव्हा मात्र त्यांना तिथे थांबवेना.

कचेरीत त्यांनी लांब्याला सगळं सांगितलं. लांब्याने आधी दार लोटून घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. शपथेवर दिलेला खोटा अहवाल म्हणजे गुन्हा. निलंबन होईल, खातेचौकशी होईल, पेन्शन अडकेल, आणि साहेबांच्या मनात आलं तर फौजदारीही. उलट गप्प राहिलं तर काय होणार? कोर्ट बेलिफाचा अहवाल खरा धरूनच चालतं, खोटा ठरवायचं ओझं त्या बाईवर. भिंतीवरचा बाण काल रंगवला असं म्हणायला वकिलाला कितीसा वेळ लागतो. रंगाला काही जन्मतारीख नसते.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” लांब्या म्हणाला. “चार महिने राहिलेत, डिंक्या. तू काही मुद्दाम केलेलं नाहीस.”

हेच मामाही दुपारपासून स्वतःला सांगत होते. मुद्दाम केलेलं नाही. पण तिने यंत्राचं चाक कसं धरलं होतं, ते लांब्याने पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी घरी त्यांनी बायकोला सांगितलं. सांगताना ऑपरेशनचा दिवस गाळायचा त्यांनी बराच प्रयत्न केला, पण तीस वर्षं संसार केलेल्या बाईला महिना सांगितला की दिवस कळतो. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे माझी नजर आली आणि तिचं घर गेलं.” तसं नाही गं, असं मामा म्हणाले. तिने त्यांना पुढे बोलू दिलं नाही. पेन्शनशिवाय आपलं कसं होईल, हे तिने विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं की सोमवारी कोर्टात तुम्हाला कुणी विचारणार आहे का. विचारलं नाही तर नाही, असं मामा म्हणाले. आणि विचारलं तर? मामा पिशवी खुंटीला अडकवायला उठले. तिने पुन्हा विचारलं नाही. ती शनिवार-रविवार त्यांच्याशी कामापुरतं बोलली, आणि त्या दोन दिवसांत मामांना घरातल्या घड्याळाचा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा वाटला.

सोमवारी कोर्ट भरलं तेव्हा मामा मागच्या बाकावर अंग चोरून बसले होते. याच खोलीत त्यांनी हजार वेळा कागद आणून दिले होते, पण इथली हवा एवढी कोंदट असते हे कधी जाणवलं नव्हतं. न्यायाधीश बाई तरुण होत्या, कमी बोलणाऱ्या, आणि समोरचा बोलत असताना पेन खाली ठेवून ऐकणाऱ्या. शिवणवाली पहिल्या रांगेत होती. निळ्या कापडाचे दोरे तिच्या पदराला अजून चिकटलेले होते.

तिच्या वकिलाने बाणाचे फोटो दाखवले. घरमालकाच्या वकिलाने, लांब्याने सांगितलं होतं तसंच, रंग कालचा असल्याचं सुचवलं. मग ते म्हणाले की एकोणतीस वर्षं सेवा झालेल्या बेलिफाचा शपथेवरचा अहवाल रेकॉर्डवर आहे, त्यावर अविश्वास दाखवायला या बाईंकडे स्वतःच्या शब्दापलीकडे काय आहे? न्यायाधीशांनी अहवाल उलटापालटा करून पाहिला. शेवटच्या ओळीखालची सही पाहिली. बेलीफ हजर असतील तर त्यांची साक्ष घेऊ, असं त्या म्हणाल्या.

पुकारा झाला. एकोणतीस वर्षांत मामांनी स्वतःचं पूर्ण नाव या खोलीत पहिल्यांदा ऐकलं. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला तीन पायऱ्या होत्या. त्या चढून मामा उभे राहिले. त्यांनी शपथ घेतली.

घरमालकाच्या वकिलाने फार मायेने सुरुवात केली. किती वर्षं सेवा? एकोणतीस. आतापर्यंत एक तरी तक्रार? नाही. हा अहवाल तुमच्याच अक्षरात? हो. प्रत तुम्ही स्वतः चिकटवलीत? हो. वकील प्रत्येक उत्तरानंतर मान डोलवत होते. त्यांनी मामांसाठी रस्ता झाडून साफ करून ठेवला होता आणि आता शेवटचं पाऊल उरलं होतं.

“आणि अहवालातला मजकूर खरा आहे?”

मामांनी कठड्याला धरलं. कारभारी समोरच होता आणि त्याच्याकडे न बघताही तो दिसत होता. दाराशी लांब्या उभा होता, उंचीमुळे सगळ्यांच्या वर, आणि हळूच मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. एक अक्षर होतं. ते बोललं की पिशवी खांद्याला लावून घरी जायचं, चार महिन्यांनी हार घालून घ्यायचा, आणि तो पिवळा कागद त्या दारावर लाकूड कुजेपर्यंत तसाच राहणार. आपल्या डिंकाची त्यांना त्या क्षणी भीती वाटली.

“एक वाक्य खोटं आहे,” मामा म्हणाले.

वकिलांनी घाईघाईने पुढचा प्रश्न सोडून देतो म्हटलं. न्यायाधीशांनी हात वर केला आणि पेन खाली ठेवलं. कोणतं वाक्य, असं त्यांनी विचारलं.

“शेजारी चौकशी केली असता, असं लिहिलंय. मी चौकशी केली नाही. कुणालाच विचारलं नाही. कारभाऱ्यांनी दार दाखवलं, मी कागद लावला. कुलपावर जाळं होतं. मला घाई होती.”

“तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? हे तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. तुमच्यावर सक्ती नाही.”

“माहीत आहे मॅडम. लोकांना दारात उभं राहून मीच सांगतो हे सगळं.”

टंकलेखिकेची बोटं थांबली होती, ती पुन्हा चालू लागली. मामांचं वाक्य अक्षरशः, काना-मात्रा न चुकता रेकॉर्डवर गेलं.

निर्णय अर्ध्या तासात झाला. समन्सची बजावणी कायद्याप्रमाणे झालेली नाही, सबब एकतर्फी हुकूमनामा रद्द, दावा पुन्हा मूळ जागी, तोपर्यंत खोलीला कुणी हात लावायचा नाही. समन्सची नवी प्रत प्रतिवादीला इथेच, कोर्टातच द्यावी. आणि संबंधित बेलिफाबाबत स्वतंत्र चौकशीसाठी कागदपत्रं वरिष्ठांकडे पाठवावीत. शिवणवाली जिंकली नव्हती. तिला फक्त भांडायची जागा परत मिळाली होती, पण कोर्टात त्याहून मोठं असं फारसं काही मिळत नाही.

बाहेर व्हरांड्यात ती मामांसमोर आली. हातात नवं समन्स होतं. मामांना वाटलं ती काही चांगलं बोलेल, आणि असं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

“त्या दिवशी माझ्या घरात बसून पाणी प्यालात,” ती म्हणाली. “तेव्हाच का नाही सांगितलंत?”

मामांनी चष्मा काढून हातात घेतला. ती थोडा वेळ थांबली, मग तिला झगे पोचवायचे होते म्हणून निघून गेली.

निलंबनाचा आदेश दुसऱ्याच दिवशी आला. मामा घरी बसले. पहिले काही दिवस ते सकाळी दहाला उठून पिशवी खांद्याला लावत आणि मग परत खुंटीला अडकवत. बाटलीतला डिंक सुकून तळाला खडा झाला. बायको त्यांच्याशी आता पूर्वीसारखी बोलायला लागली होती, उलट थोडं जास्तच, आणि शेजारणींकडून शिवणकाम आणायचा बेत करत होती. तिला जमणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

तीन आठवड्यांनी एका सकाळी ती खिडकीशी उभी होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला आता रस्त्याच्या टोकापर्यंत दिसायचं. “अहो, लांब्या आलाय,” ती म्हणाली. “मघापासून खालीच घुटमळतोय.” मामांनी दार उघडून ठेवलं. लांब्या वर आला तो खाली मान घालून. खांद्याला खाकी पिशवी होती. त्याने कागद पुढे केला आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

“खातेचौकशीची नोटीस आहे. नाझरांनी दुसऱ्या कुणाला दिली नाही. एवढी सही कर, निघतो मी.”

“अशी नाही घेणार,” मामा म्हणाले. “चार शब्द सांग आधी.”

लांब्याला वाटलं थट्टा आहे. मामांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. लांब्याने घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच तो दारात उभा राहून कुणाला तरी समजावत होता, आणि शब्द मामांचेच वापरत होता. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, बोलावणं आहे. तुझं म्हणणं मांडायचा तुला हक्क आहे. तारीख सतरा. यायचंच, नाही आलास तर एकतर्फी होईल. मग तो म्हणाला, सही करायच्या आधी पूर्ण वाच, मला घाई नाही.

मामांच्या चष्म्याची काडी मोडली होती. बायकोने कागद घेतला आणि खिडकीच्या उजेडात, चष्म्याशिवाय, मोठ्याने वाचून दाखवला. दोषारोपात ते वाक्य अवतरणात दिलेलं होतं. ‘शेजारी चौकशी केली असता’ म्हणून ती क्षणभर थांबली, आणि मग शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. मामांनी सही केली, खाली तारीख घातली, वेळही घातली. लांब्या कागद पिशवीत ठेवत असताना त्यांनी त्याला विचारलं की अहवालात काय लिहिणार आहेस.

“जे झालं ते,” लांब्या म्हणाला. वीस वर्षं तो या घरात जेवायला येत होता. तो थोडा घुटमळला आणि जिन्याकडे वळता वळता म्हणाला, “वर यायच्या आधी खाली दोन घरी विचारून आलो. तू इथंच राहतोस ना म्हणून.”